मोटर चालतेय म्हणजे फ्रीव्हील ठीक आहे असं नाही : वाचकांचे प्रश्न

यावेळी इलेक्ट्रिक सायकलवर बरीच पत्रं आलीत आणि बॅटरी, कंट्रोलर, डिस्प्ले असं सगळं फिरून त्यातली बरीचशी शेवटी एकाच पार्टवर येऊन थांबतात, मागच्या चाकाचं फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबवलं तरी चाक मोकळं फिरू देणारा दात्यांचा गट. म्हणून हा अंक पूर्ण त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे छोटे केलेत, बाकी तुमच्याच शब्दांत आहेत.

प्रश्न : माझी मागच्या हब मोटरची सायकल आहे, तीन वर्षं झाली. मोटर चालू असताना काहीच जाणवत नाही पण परवा बॅटरी संपली आणि चढावर उभं राहून पायडल मारायला गेले तर पाय एकदम रिकामा खाली गेला, पडता पडता वाचले. परत मारलं तर बरोबर पकडलं. मोटरचं काही बिघडलंय का?

ताई, आधी हे बरं झालं की तुम्ही पडला नाहीत. मोटरचं काही बिघडलेलं वाटत नाही, हे फ्रीव्हीलचं काम आहे आणि बहुतेक ते बरेच दिवस चालू होतं, फक्त मोटरमुळे तुम्हाला कळलं नाही. हब मोटर म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेली मोटर, ती चाकाला थेट फिरवते, चेनमधून नाही, त्यामुळे फ्रीव्हीलवर फक्त तुमच्या पायाचा जोर येतो, आणि मोटर ओढत असली की पायाचा जोर कमीच लागतो, मग आतलं काही सुटत असलं तरी लक्षात येत नाही. साध्या सायकलवर हाच दोष पहिल्याच चढावर कळला असता.

आत काय होतं ते सांगतो. फ्रीव्हीलचे दोन भाग असतात, आतला भाग हबच्या आट्यांवर घट्ट बसलेला असतो आणि बाहेरचा भाग, ज्यावर दाते आहेत, तो छर्‍यांवर फिरतो. दोघांच्या मध्ये स्प्रिंगवर उभ्या राहणार्‍या छोट्या खिट्ट्या असतात, मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतात, साधारण दोन असतात. पुढे पायडल मारलं की खिट्टी आतल्या खाचेत अडकते आणि चाक ओढलं जातं, पायडल थांबवलं की खिट्ट्या खाचांवरून टिकटिकत घसरतात. जुनं ग्रीस घट्ट झालं, गंज चढला, स्प्रिंग दमली किंवा खिट्टीची कड गोल झाली की खिट्टी वेळेवर उभी राहत नाही, पायडल रिकामं जातं आणि मग अचानक पकडतं. तुमचं हेच झालंय असं तुमच्या वर्णनावरून तरी वाटतं.

तरी खात्री करून घ्या, कारण तीन वेगळे दोष साधारण सारखेच वाटतात. बॅटरी काढून ठेवा, मागचा ब्रेक दाबून धरा आणि हाताने पायडल पुढे जोरात ढकला, हे सगळ्या गिअरमध्ये करा. सगळ्याच गिअरमध्ये दाते फिरताहेत पण चाक जागेवर, तर खिट्ट्या गेल्या. एखाद्याच गिअरमध्ये चेन दात्यांवर चढून खटकन पुढच्या दात्यावर पडते, तर ते चेन आणि दात्यांच्या झिजेचं आहे, त्यावर पुढे एक प्रश्न आहेच. आणि पायाने सगळं नीट पकडतंय पण मोटर लावली की आतून घुर्र आवाज येतो आणि चाक फिरत नाही, तर गिअरवाल्या हब मोटरच्या पोटात अजून एक क्लच असतो, मोटर बंद असताना चाक मोकळं फिरावं म्हणून, तो किंवा त्याच्यासोबतचे प्लॅस्टिकचे गिअर गेलेत. ते मोटर उघडण्याचं काम, त्याचा आणि बाहेरच्या फ्रीव्हीलचा काही संबंध नाही, पण लोक दोन्हीला फ्रीव्हीलच म्हणतात आणि मग भलताच पार्ट बदलला जातो.

तुमच्या बाबतीत मी तेल घालून बघा असं सांगणार नाही. एकदा जोरात सुटलेलं फ्रीव्हील पुन्हा सुटणार, बदलून टाका, आणि तोपर्यंत उभं राहून पायडल मारू नका.

प्रश्न : थ्रॉटलवर चालवताना पाय नुसते ठेवलेले असतात तरी पायडल आपोआप पुढे फिरायला बघतं. पाय काढला तर चक्क फिरतं. आणि कधीकधी मी पायडल मारणं थांबवलं तरी मोटर थांबत नाही. दुकानात म्हणाले सेन्सर बदला. बदलू का?

सेन्सर बदलायच्या आधी फ्रीव्हील बघा, आणि हे आजच बघा, उद्यावर टाकू नका. या अंकातला मला सगळ्यात गंभीर वाटलेला प्रश्न हा आहे.

फ्रीव्हील जाम व्हायला लागलं की चाक पुढे फिरताना ते दात्यांनाही सोबत ओढतं, दाते चेनला ओढतात, चेन पायडलला. बर्‍याच सायकलींवर पायडलच्या ॲक्सलवर चुंबकांची एक चकती असते आणि शेजारी सेन्सर, चकती पुढे फिरली की कंट्रोलरला वाटतं चालवणारा पायडल मारतोय आणि तो मोटरला करंट देतो. आता साखळी कशी लागते बघा, मोटर चाक फिरवते, जाम फ्रीव्हील पायडल फिरवतं, पायडल फिरतंय म्हणून सेन्सर मोटरला चालू ठेवतो. सेन्सर बिचारा त्याचं काम बरोबर करतोय. म्हणून तुम्ही थांबलात तरी गाडी थांबत नाही.

आणि पायडल पायाने अडवून धरलं तरी धोका जात नाही, मग वरची चेन सैल होऊन लोंबते, मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन एका दात्यावरून दुसर्‍यावर नेणारा भाग) पुढे ओढला जातो, आणि लोंबणारी चेन तारांत किंवा डिरेलरमध्ये अडकली की चाक जागीच थांबू शकतं.

तपासणी अगदी सोपी आहे. बॅटरी काढा, मागचं चाक उचला, चाक पुढच्या दिशेने हाताने जोरात फिरवा आणि एक बोट पायडलच्या आर्मला लावा. उलटं फिरवून बघू नका, उलट्या दिशेला फ्रीव्हील पकडतंच आणि गिअरवाली मोटरही आतून अडते, त्यामुळे काहीच कळणार नाही. एका बोटाने पायडल सहज थांबत असेल तर ठीक, नव्या फ्रीव्हीलमध्येही ग्रीसमुळे थोडीशी ओढ असते. बोटाला जोर द्यावा लागला किंवा वरची चेन सैल पडायला लागली तर ते फ्रीव्हील वापरायचं नाही.

कारण शोधताना पहिल्यांदा फ्रीव्हीलच्या मागे, म्हणजे मोठ्या दात्याच्या (दाता म्हणजे इथे एका गिअरची अख्खी दातेरी चकती) आणि मोटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. दोरा, गवत, प्लॅस्टिकची पट्टी, बुटाची नाडी असलं काहीतरी तिथे गुंडाळून बसलेलं खूपदा सापडतं आणि चिमट्याने काढलं की सगळं मोकळं होतं. मग दुसर्‍या टोकाला बघा, सगळ्यात छोटा दाता किंवा चेन फ्रेमला घासतेय का, चाक नुकतंच काढून लावलेलं असेल आणि एखादा वायसर राहून गेला असेल तर असं होतं. दोन्ही ठीक असेल तर आतला चिखल, गंज किंवा सुकलेलं ग्रीस.

दुरुस्त होईपर्यंत असिस्ट, म्हणजे पायडल मारताना मिळणारी मोटरची मदत, शून्यावर ठेवा. ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारं स्विच असतं ते चालतंय ना हेही बघून घ्या, चाक उचलून, कमी असिस्टवर, ब्रेक हलकासा दाबला की मोटर लगेच बंद व्हायला हवी.

प्रश्न : फ्रीव्हीलमध्ये तेल घालायचं की ग्रीस? मी स्प्रे मारत असतो, मारला की दोन दिवस छान चालतं मग परत करकर.

पातळ तेल. ग्रीस नाही.

तुम्ही जो स्प्रे मारताय तो गंज सोडवणारा आणि पाणी काढणारा आहे, तो आतलं उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो, म्हणून दोन दिवस छान आणि मग आधीपेक्षा कोरडं. स्प्रे मारायला हरकत नाही पण तो धुण्यासाठी, नंतर तेल घालायलाच लागतं. आणि जाड ग्रीस खिट्ट्यांवर गेलं तर खिट्टी चिकटून बसते, थंडीत तर जास्तच, मग पहिल्या प्रश्नातल्या ताईंसारखं पायडल रिकामं जातं.

तेल कुठे घालायचं हे महत्त्वाचं. दात्यांवर ओतून आत काहीच जात नाही. चाक आडवं ठेवा, फ्रीव्हील वर, दाते पायडल थांबवल्यावर फिरतात त्या दिशेने हाताने फिरवा आणि बघा कोणता भाग फिरतोय आणि कोणता स्थिर आहे, त्या दोघांच्या मध्ये एक बारीक गोल फट दिसेल, त्या फटीत चार-पाच थेंब, फिरवत राहायचं, थोडं थांबायचं, परत दोन-तीन थेंब. आवाज कोरड्या करकरीतून मऊ टिकटिकीवर येतो तेव्हा समजायचं तेल पोचलं. बाहेर आलेलं तेल फडक्याने पुसा, डिस्क ब्रेक असेल तर चकतीला तेलाचा हातसुद्धा लावू नका. पावसात चालवत असाल तर महिन्या-दोन महिन्यांनी, एरवी वर्षातून दोन-तीनदा पुरतं.

आणि एक विनंती, प्रेशरच्या पाण्याने मागचं चाक धुऊ नका. फ्रीव्हीलच्या फटीतून पाणी आत जातंच पण शेजारीच मोटरचं बेअरिंग आणि केबल आत जायची जागा आहे. बादली आणि ब्रश बास.

प्रश्न : स्वतः फ्रीव्हील बदलायला घेतलं आणि अडकलो. रिमूव्हर आणला तर तो मोटरच्या ॲक्सलवरून आतच जात नाही, आणि त्यात मोटरची केबल त्याच बाजूने बाहेर येते, तिचा कनेक्टर जाड आहे. केबल कापून नंतर जोडली तर चालेल का?

दादा, केबल कापू नका. त्या एका केबलमध्ये मोटरच्या 3 जाड फेजच्या वायर असतात, आणि बहुतेक मोटरांत हॉल सेन्सरच्या (मोटर आत कुठे फिरलीय हे कंट्रोलरला सांगणार्‍या) 5 बारीक वायर, काहींत वेगाच्या सेन्सरची अजून एक. त्या सगळ्या परत नीट सोल्डर करून, पाणी न शिरेल अशा बंद करून, पुन्हा त्या चिंचोळ्या जागेतून न्यायच्या, हे फ्रीव्हील बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे आणि एक हॉलची वायर चुकली की मोटर धक्के देत चालते किंवा चालतच नाही.

तुमची अडचण नेहमीची आहे. साध्या सायकलचा मागचा ॲक्सल साधारण 10 मिलिमीटरचा असतो आणि बाजारातले बरेच रिमूव्हर त्याच हिशोबाने बनवलेले असतात, हब मोटरचा ॲक्सल साधारण 12 मिलिमीटरचा, वर दोन बाजूंनी सपाट घासलेला. म्हणून रिमूव्हर विकत घेण्याआधी तीन मापं घ्यायची, ॲक्सलची जाडी, केबलच्या कनेक्टरची सगळ्यात जाड जागा, आणि फ्रीव्हीलच्या आतल्या खाचांचा प्रकार. खाचांत सगळ्यात जास्त दिसतो तो शिमानो पद्धतीचा, 12 दात्यांचा आणि जेमतेम 23 मिलिमीटर व्यासाचा, पण काही फ्रीव्हीलना दोन किंवा चार मोठ्या खाचा असतात आणि त्याचा रिमूव्हर पूर्ण वेगळा. रुंद भोकाचे, पातळ भिंतीचे रिमूव्हर मिळतात, कनेक्टर त्यातून ओवून घ्यायचा आणि मग रिमूव्हर सरकवत न्यायचा. भोक अर्ध्या मिलिमीटरने कमी पडत असेल तर रिमूव्हर लेथवर आतून थोडा मोठा करून घेता येतो, केबल कापण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

आता पहिल्यापासून क्रम सांगतो, कारण अजून दोन-तीन पत्रांत हेच विचारलंय. बॅटरी बंद करून सायकलवरून काढूनच ठेवा. मोटरचा कनेक्टर सरळ ओढून सोडवा, पिळू नका, त्यावर बाणाच्या खुणा असतात, लावताना बाणासमोर बाण. ॲक्सलचे नट सोडायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण वायसर, जिभेचा वायसर, टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवलेली पट्टी) हे कुठल्या क्रमाने होतं हे चाक हातात आल्यावर आठवत नाही. नटला 18 किंवा 19 चा पाना लागतो. चाक जड असतं, एकट्याने उचलताना केबलवर ताण येऊ देऊ नका.

रिमूव्हर खाचांत पूर्ण खोलवर बसला पाहिजे. मग ॲक्सलचा नट त्याच्यावर हाताने लावा आणि जरासा टेकवा, रिमूव्हर उडी मारून बाहेर येऊ नये एवढ्यासाठीच. दोन खाचांच्या फ्रीव्हीलला तर हे हवंच हवं, नाहीतर खाचा तुटतात आणि मग काम दहापट वाढतं. आता फ्रीव्हील घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं, पण ते तुमच्याच पायाने हजारो वेळा घट्ट केलेलं असतं, प्रत्येक पायडलला ते अजून थोडं आवळत जातं, म्हणून साध्या पान्याने सुटत नाही आणि लोक हातोडी घेतात. हातोडी नको. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मजबूत बेंच व्हाइस, रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडायचा, चाक आडवं, फ्रीव्हील खाली, आणि रिम दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखी धरून वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरवायची. चाकाचा घेर हाच तुमचा लांब पाना होतो. व्हाइस नसेल तर रिमूव्हरवर मोठा पाना आणि त्याला लांब पाइप, चाक जमिनीवर उभं आणि कोणीतरी घट्ट धरलेलं.

सुटताना एक कट्ट आवाज येतो. तो आला की लगेच थांबा आणि वरचा नट सैल करा, कारण फ्रीव्हील आता बाहेर यायला लागलंय आणि नट त्याला अडवतोय, तसंच फिरवत राहिलात तर ॲक्सलचे आटे जातात. नाहीच सुटलं तर आट्यांच्या बाजूला गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा. हीट गन किंवा टॉर्च मोटरवर लावू नका, आत बेअरिंगचं सील आणि वायरचं इन्सुलेशन आहे.

आणि रिमूव्हर कुठूनच जात नसेल तर शेवटचा मार्ग, फ्रीव्हील जागेवरच उघडायचं. बाहेरच्या बाजूला दोन छोट्या भोकांची एक रिंग दिसते, तिला बहुतेक वेळा उलटे आटे असतात म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने सुटते. ती काढली की दात्यांचा भाग उचलून येतो, खाली फडकं अंथरून ठेवा कारण बारीक छर्रे सगळीकडे उडतात, आणि मग उरलेला आतला गोल भाग पाइप पान्याने किंवा व्हाइसमध्ये धरून सोडवता येतो. फ्रीव्हील यात जातंच, पण ते तसंही टाकायचंच आहे, मोटर आणि केबल वाचते.

नवीन लावताना घाई नको. आटे ब्रशने स्वच्छ करा, हबच्या आट्यांवर ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, कारण स्टीलचं फ्रीव्हील ॲल्युमिनियमच्या प्लेटवर बसतं आणि कोरडं बसवलं तर पुढच्या वेळी निघणार नाही. हे आटे बारीक असतात, इंचाला 24, त्यामुळे तिरके चढायला वेळ लागत नाही. फ्रीव्हील सपाट टेकवून आधी उलटं फिरवा, आटा आट्यात बसल्याचा हलका टक जाणवेल, मग पुढे. सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत, जोर लागतोय म्हणजे तिरकं गेलंय, काढून परत लावा. साध्या हबवर आटे गेले तर हब जातो, इथे मोटरची अख्खी बाजूची प्लेट जाते.

मग घट्ट कसं करायचं? साध्या सायकलवर मी सांगेन की हाताने लावा आणि चालवा, पायडल मारून ते आपोआप आवळेल. पण जे लोक जवळजवळ सगळा वेळ थ्रॉटलवरच असतात त्यांचं फ्रीव्हील कधी आवळलंच जात नाही, उलट चाक फिरताना टिकटिकीची बारीकशी ओढ सोडवायच्याच दिशेने असते. तेव्हा चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेला पाना) एकदा घट्ट करा, किंवा मोटर बंद ठेवून हलक्या गिअरमध्ये चार-पाच जोरदार पायडल मारा. शेवटी चाक लावताना ॲक्सलमधून केबल निघते ती बाजू खाली आणि केबलला खाली एक वळण, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून आत न जाता खाली पडेल. नट मोटर कंपनीने सांगितल्याएवढे, बर्‍याच मोटरांना 35 ते 45 न्यूटन-मीटर असतं, आणि टॉर्क आर्म विसरू नका, नट सैल राहिला तर मोटरच्या जोराने ॲक्सलच फिरतो आणि केबल पिळून तोडतो. पन्नासेक किलोमीटर झाले की नट परत एकदा बघा.

प्रश्न : माझ्या सायकलला फ्रीव्हील आहे की कॅसेट हे कसं ओळखायचं?

छोट्या दात्याच्या बाजूने आत बघा आणि दाते पायडल थांबवल्यासारखे मागे फिरवा. रिमूव्हरच्या खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, खाचा स्थिर राहिल्या आणि दाते त्यांच्याभोवती फिरले तर फ्रीव्हील. कॅसेटमध्ये खिट्ट्या हबचाच भाग असतात आणि दाते नुसते त्यावर सरकवून रिंगने बसवलेले, शिमानोने 1978 च्या सुमारास असा फ्रीहब आणला आणि हळूहळू चांगल्या सायकलींवर तेच आलं, मुख्य फायदा असा की बेअरिंग बाहेरच्या टोकाला जातं आणि ॲक्सल वाकत नाही. हब मोटरचा ॲक्सल मुळातच जाड असतो म्हणून तिथे फ्रीव्हील टिकून राहिलं. ऑर्डर करण्याआधी हे बघाच, दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

प्रश्न : चेन बदलली, नवीन चेन लावल्यावर उलट जास्तच उडते. दुकानदाराने चुकीची चेन दिली का?

बहुतेक नाही. जुनी चेन आणि जुने दाते एकत्र झिजत गेले, एकमेकांच्या मापाचे झाले, आता नव्या चेनचं माप मूळचं आणि दाते झिजलेले, म्हणून जोर दिला की ती दात्यावर चढते. ज्या दात्यावर तुम्ही सगळ्यात जास्त चालवता तिथेच हे होत असेल बघा, मोटरवाले लोक गिअर फारसे बदलत नाहीत, एकच छोटा दाता वर्षभर, त्यामुळे तोच एक संपतो आणि बाकीचे नव्यासारखे राहतात. फ्रीव्हीलला सुटा दाता सहसा मिळत नाही, पूर्णच बदलावं लागतं.

हे टाळायचं असेल तर चेन मोजायची सवय लावा. एका पिनच्या मध्यापासून 24 कड्या मोजा, नवीन चेनमध्ये हे अंतर 304.8 मिलिमीटर भरतं, ते 307 च्या आसपास गेलं की चेन बदला, तेवढ्यात बदलली तर फ्रीव्हील वाचतं आणि एका फ्रीव्हीलवर दोन-तीन चेन निघतात. 308 च्या वर गेल्यावर दोन्ही सोबतच बदलायची तयारी ठेवा. साधी स्टीलची पट्टी पुरते, फक्त चेन ताणून धरून मोजा.

प्रश्न : सात गिअरचं 14-28 फ्रीव्हील आहे, म्हणजे सगळ्यात छोट्याला 14 दाते, मोठ्याला 28. मोटरबरोबर पायडल फार वेगाने मारावं लागतं असं वाटतं. 11 दात्यांचं घेऊ का? की सरळ नऊ गिअरचं?

आधी हिशोब करू. समोर 42 दाते, मागे 14, 26 इंची चाक म्हणजे घेर अंदाजे 2.07 मीटर, तर एका पायडलला सायकल साधारण 6.2 मीटर जाते. ताशी 25 किलोमीटरला मिनिटाला 67 फेरे पडतात, हे अगदी आरामाचं आहे. 11 घेतलं तर तेच 53 होतात, म्हणजे संथ आणि गुडघ्यावर जोर देऊन. तुमच्या समोरच्या चक्राचे दाते मोजा, 42 च्या जागी 34-36 असेल तर तुमची तक्रार खरी आहे, आणि मग 11 घेण्यात अर्थ आहे. किंवा समोरचंच चक्र मोठं करा, ते माझ्या मते जास्त चांगलं कारण 11 दात्यांवर चेन कमी दात्यांना धरते आणि तो दाता लवकर झिजतो.

नऊ गिअरच्या फंदात पडू नका. सातच्या दात्यांमधलं अंतर 5 मिलिमीटर, नऊचं 4.35, म्हणजे शिफ्टर आणि चेन दोन्ही बदलायचं, वर फ्रीव्हील जाड होतं आणि छोटा दाता फ्रेमला लागतो, मग वायसर वाढवा, मग चाक फ्रेममध्ये बसेना. सातच ठेवा. मागे 34 चा मोठा दाता घेत असाल तर डिरेलर तेवढा मोठा दाता घेतो का ते आधी तपासा, आणि कोणतंही नवीन फ्रीव्हील लावल्यावर डिरेलरचे दोन लिमिट स्क्रू (चेन दोन्ही टोकांच्या दात्यांपलीकडे जाऊ नये म्हणून असलेले) बघितल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका, मोठ्या दात्यावरून चेन आत पडली तर ती तारा आणि मोटरच्या मध्ये अडकते.

प्रश्न : माझी मोटर पायडलजवळ आहे, हे सगळं मला लागू होतं का?

जास्तच लागू होतं. तुमच्याकडे मोटरचा सगळा जोर चेनमधून मागे जातो, म्हणून चेन आणि दाते हब मोटरपेक्षा खूप लवकर झिजतात, चेन महिन्याला मोजा. गिअर बदलताना क्षणभर पायडल हलकं करा, मोटर पूर्ण जोरात असताना बदललं की धाडकन आवाज येतो तो दात्यांवर बसतो. आणि सुटणार्‍या खिट्ट्या तुमच्याकडे मोटर लपवत नाही, तिचाच जोर त्या खिट्ट्यांवर येतो म्हणून दोष लवकर कळतो, पण सुटतं तेव्हा झटकाही मोठा बसतो.

प्रश्न : नवीन फ्रीव्हील लावलं पण फिरताना डुगडुगतं. परत करू का?

पायडल थांबवून चाक फिरताना दाते एखाद मिलिमीटर इकडेतिकडे होत असतील तर राहू द्या, स्वस्त फ्रीव्हीलमध्ये आतला आणि बाहेरचा भाग तंतोतंत एका मध्यावर नसतो आणि त्याने चालवण्यात फरक पडत नाही. पण तेच डुगडुगणं पायडल मारताना दिसत असेल, म्हणजे दाते आणि चाक एकत्र फिरताना, तर फ्रीव्हील हबवर तिरकं बसलंय. मग आजच, जास्त पायडल मारून ते अजून आवळायच्या आत काढा, आटे टॉर्चखाली बघा आणि नीट असतील तर वर सांगितलं तसं आधी उलटं फिरवून परत लावा.